खांबावरची पाण्याची रेघ

चेअरमनसाहेबांच्या नव्या बंगल्यातले खांब जुने करून द्यायचे आहेत असा निरोप आला, तेव्हा माझा भाऊ म्हणाला, "आक्का, लोक टँकरमागं पळायलेत आन् ह्यांना खांब जुने करायचे सुचायलंय." पण त्या साली दुसरं कामही नव्हतं. दुष्काळात घर कोण रंगवतं? पुट्टी कालवायची म्हटली तरी पाणी लागतं. रंगाचे डबे मोटारसायकलला बांधून आम्ही दोघं नांदूरघाटहून निघालो.

हे काम मी पुण्यात शिकले. माझा नवरा मालिकांचे सेट उभे करणाऱ्या एका कारखान्यात सुतार होता. त्याला डबा द्यायला जायचे, तिथंच रंगाऱ्यांचे हात बघता बघता एक दिवस ब्रश हातात घेतला. सकाळी आणलेला प्लायवूडचा खांब संध्याकाळपर्यंत पिढ्यानपिढ्यांचा दगड होऊन उभा राहायचा. नवरा गेल्यावर मी माहेरी आले आणि भावाच्या धंद्यात घुसले. साध्या भिंती तो करायचा. मंगल कार्यालयाचा खांब, हॉटेलची कमान, देवघराची महिरप, जिथं म्हणून जुनेपण हवं असेल ते माझ्याकडं.

बंगला वडवणीच्या अलीकडं, रस्त्याला लागून होता. मोठा हॉल, मधोमध सिमेंटचे चार चौकोनी खांब, प्लास्टर अजून कच्च्या रंगाचं. चेअरमन म्हणजे गावातल्या सहकारी दूध संस्थेचे. अंगानं धिप्पाड, आवाज असा की पलीकडच्या शेतात ऐकू जावा. त्या दिवसांत संस्थेनं जनावरांची चारा छावणी घातली होती आणि ते दिवसभर तिथंच असायचे. हॉलमध्ये आले की त्यांच्याबरोबर उसाच्या वाढ्याचा आणि शेणाचा वास आत यायचा.

मी विचारलं, "कसे पाहिजेत साहेब? सागवानी दिसायला का काळ्या दगडाचे?"

"सांगून कळायचं न्हाई," ते म्हणाले. "चला, दाखवतो."

त्यांच्या जीपमधून आम्ही धरणावर गेलो. धरण म्हणायचं एवढंच. पाणी पार मधल्या खड्ड्यात उरलं होतं, कढईच्या बुडाशी राहिलेल्या तेलासारखं. बाकी सगळा भेगाळलेला गाळ. जीप काठावर सोडून आम्ही खाली उतरलो. पायाखाली शिंपले मोडत होते. ऊन असं होतं की दूरचं सगळं हलत होतं.

"आमचं जुनं गाव," साहेब म्हणाले. "धरणात गेलं तवा मी शाळेत हुतो. औंदा वर आलंय."

मला गाव काही दिसेना. दगडांचे ढिगारे दिसले, एका ठिकाणी जात्याचं पाळं, एका ठिकाणी चुलीचे काळे दगड. पण साहेब सरळ चालत नव्हते. मोकळ्या गाळात ते एकदम उजवीकडं वळायचे, थोडं जाऊन डावीकडं वळायचे, जणू दोन्ही बाजूला भिंती आहेत. एका जागी त्यांनी मान खाली घातली आणि वाकून पुढं गेले. तिथं काहीच नव्हतं. ना चौकट, ना दगड. मी मागून त्याच जागी आले आणि कसं कोण जाणे, मीही वाकले. भाऊ माझ्याकडं बघत राहिला.

पुढं मारुतीच्या देवळाचा मंडप होता. छप्पर कधीच गेलं होतं, मूर्ती गाव उठतानाच नव्या गावात नेलेली. चार दगडी खांब तेवढे उभे. त्यांच्यावर वरपासून खालपर्यंत पाण्याच्या रेघा होत्या, एकाखाली एक, पाणी जसजसं उतरत गेलं तशा. मी हात लावला. एवढ्या उन्हात दगड तापलेला असायला हवा होता. तीन खांब तापलेलेच होते. चौथा गार होता. सावलीत असेल म्हणून मी वर बघितलं, तर सावली द्यायला आसपास काही नव्हतं.

"ह्योच," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "ह्याला टेकून वडील बसलते. धरणात पाणी अडवलं, गाव सगळं वर गेलं, जनावरं गेली. ह्ये उठंचनात. म्हनले, पाणी येतंय तर येऊ द्या, बघू कुठवर येतंय."

"मग?"

"छातीला लागलं तवा चौघांनी धरून काढलं. गुळाच्या काहिलीत बसवून काठाला आणलं. मी काठावर उभा हुतो."

"पुढं जगले ना?"

"जगले की. लई वर्षं जगले. पण ह्याच्यावर एक शब्द बोलले न्हाईत."

खांबाच्या बुडाला, बसल्या माणसाची पाठ जिथं टेकेल तिथं, दगड गुळगुळीत झाला होता. पिढ्यांच्या पाठी लागून लागून आलेली चकाकी. इतकी वर्षं पाण्यात राहूनही ती गेली नव्हती. मी ओला शाडू दाबून दगडाच्या पोताचा ठसा घेतला आणि रंगाचे नमुने जुळवले. परत निघालो तेव्हा साहेब पुन्हा त्याच जागी वाकून बाहेर पडले.

काम सुरू झालं. सिमेंटचा दगड करायचा तर आधी गुळगुळीत पृष्ठभाग बिघडवावा लागतो. भावानं पुट्टी जाड लावली आणि ती ओली असतानाच मी मिठाचे खडे फेकले. मीठ नंतर धुऊन काढलं की दगडाला असतात तशी बारीक छिद्रं राहतात. धुवायलाही पाणी मोजूनमापून, ओल्या फडक्यानंच. मग काळसर राखाडी रंग, त्यावर स्पंजानं फिका, त्यावर गेरू आणि काजळी पाण्यासारखी पातळ करून वरून खाली ओघळू द्यायची. दातांच्या ब्रशनं ठिपके उडवायचे. जिथं रंगाचा पापुद्रा सुटलेला दाखवायचा तिथं खाली सरसाचा थर द्यायचा, तो वाळताना वरचा रंग ओढून आपोआप भेगा पाडतो. चौथ्या खांबावर पाठीची ती चकाकी मी मेणबत्ती घासून आणि तळहातानं चोळून आणली. ते काम मला आवडतं. ब्रश बाजूला ठेवून नुसत्या हातानं करायचं असतं.

साहेबांच्या घरच्या, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, दारात उभ्या राहून बघायच्या. त्यांचं माहेर लिंबागणेशकडचं. जुनं गाव, धरण, यातलं त्यांनी काही पाहिलेलं नव्हतं. एकदा म्हणाल्या, "ताई, चांगलं नवं घर बांधलं आन् त्यात हे पडकं कावून आणायचं?" मी मेण चोळत राहिले. हसले फक्त.

काम संपत आलं तशी साहेबांनी एक मागणी केली. ते चौथ्या खांबापाशी फरशीवर बसले, पाठ त्या चकाकीला लावली आणि छातीवर हात आडवा धरला.

"इथं रेघ पाहिजे. पाण्याची. वडलांच्या छातीला लागलं हुतं तिथं."

"एकच?"

"एकच."

धरणाच्या खांबावर तर रेघांमागून रेघा होत्या. पण गिऱ्हाईक सांगेल ते करायचं. मी त्यांना उठायला सांगितलं, खूण केली आणि चुन्याची निवळी, पिवडीची पिवळी माती आणि थोडा गाळाचा रंग मिसळून खांबाभोवती एक फिकी रेघ फिरवली. वरची कड स्वच्छ, खालची विरत गेलेली. साहेब पुन्हा बसले. पाठ नेमकी बसली. डोळे मिटून म्हणाले, "झालं."

आठ-पंधरा दिवसांनी वहिनींचा फोन आला.

"ताई, तुम्ही येऊन रेघ वर सरकवून गेलात का?"

मी म्हटलं, नाही तर.

"मग या जरा."

गेलो. मी काढलेली रेघ होती तिथंच होती. तिच्या वर, चार बोटांवर, दुसरी रेघ उमटली होती. पांढुरकी, सरळ, वरची कड स्वच्छ. माझ्याच हातची वाटावी अशी. बाकीचे तीन खांब कोरडे ठणठणीत.

भावानं रेघेवर बोट फिरवून जिभेला लावलं. "खारट हाय. आक्का, ह्यो क्षार हाय. बोअरच्या मचूळ पाण्यानं खांब भिजवले असतील बांधताना, ते आता बाहेर फुटायलंय."

"चारी खांब त्याच पाण्यानं भिजवले ना?" वहिनींनी विचारलं.

भावानं खरवडणी हातात घेतली. आम्ही तो पट्टा खरडला, आतलं प्लास्टर थोडं फोडून बघितलं. आत धूळ उडावी इतकं कोरडं होतं. प्रायमरचे दोन हात दिले, वरून माझं काम पुन्हा केलं आणि निघालो. वहिनी फाटकापर्यंत आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "हे रोज दुपारी छावणीवरून येऊन तिथंच बसायलेत. जेवतात बी तिथंच. आधी पाच मिनटं बसायचे. आता उठवावं लागतंय."

रेघ पुन्हा आली. या वेळी आणखी वर. आम्ही पुन्हा खरडली, या वेळी चंद्रसाचा, म्हणजे राळेच्या रोगणाचा, थर देऊन बंद केली. त्यातून काही बाहेर फुटत नाही असा माझा आजवरचा अनुभव. चंद्रस फोडून आली. आता ती साहेब बसले की त्यांच्या गळ्याच्या रेषेत यायची. खोलीत एक वासही होता, आधी नव्हता तो. गाळाचा, शिंपल्यांचा. गावात टँकर चार-चार दिवस येत नव्हता, नळाला हवा येत होती, आणि त्या हॉलमध्ये ओल्या तळ्याचा वास. भाऊ म्हणाला, रंगाच्या डब्याचा असेल. डबे आम्ही बाहेर ठेवले होते.

मग एकदा भर दुपारी फोन आला. वहिनी नीट बोलूही शकत नव्हत्या. "या. लवकर या. हे मान वर करून बसलेत."

मला काही कळेना. पण भावानं गाडी काढली. रस्त्यानं चिटपाखरू नव्हतं. छावणीतली जनावरंसुद्धा हंबरत नव्हती.

हॉलचं दार उघडंच होतं. साहेब चौथ्या खांबाला टेकून मांडी घालून बसले होते. हात गुडघ्यांवर घट्ट आवळलेले. आणि हनुवटी वर, छताकडं, जेवढी जाईल तेवढी वर. ओठ मिटलेले. नाकानं श्वास चालला होता, लहान लहान, घाईचा. ज्याचं तोंड पाण्याला टेकलंय तो माणूस जसा नाक तेवढं वर काढून श्वास घेईल तसा. मी त्यांच्या मागं खांबाकडं बघितलं. रेघ त्यांच्या ओठांच्या रेषेत होती.

"साहेब," मी हाक मारली. डोळे माझ्याकडं वळले, मान हलली नाही.

वहिनी रडत म्हणाल्या, "सकाळपासून असेच हायत. पाणी पाजावं म्हणून पेला पुढं केला तर असे दचकले, असे दचकले..."

भाऊ त्यांना धरून उठवायला पुढं झाला. साहेबांच्या अंगाला त्याचा हात लागला तसा त्यांनी श्वासच बंद केला. गाल फुगले, चेहरा तांबडा झाला. भाऊ घाबरून मागं सरला. मग पुन्हा तो लहान लहान श्वास.

मी तिथं उभी होते. डॉक्टरांना बोलवा असं वहिनींना म्हणाले. त्यांनी बोलावलं होतं, ते बीडहून निघाले होते. तोवर काय करायचं? मला धरणातले ते खांब आठवले, एकाखाली एक रेघा असलेले. ते खांब बघताना भीती वाटली नव्हती, कारण त्यांच्यावर पाणी उतरल्याच्या खुणा होत्या. इथं मात्र मी पाणी चढवून ठेवलं होतं आणि उतरायला वाटच दिली नव्हती.

"माझी पिशवी आण," मी भावाला म्हटलं. "आन् पिवडी कालव. लवकर."

मी साहेबांच्या शेजारी फरशीवर बसले. त्यांना दिसेल असा ब्रश धरला आणि त्या पांढऱ्या रेघेच्या खाली, बोटभर अंतरावर, एक नवी रेघ काढली.

"साहेब, पाणी उतरायलंय," मी म्हटलं. "बघा. हनुवटीपाशी आलं."

डोळे खाली वळले. मी त्याच्याखाली दुसरी रेघ काढली. घाईत रेघ वाकडी आली. पाण्याची रेघ वाकडी येत नाही, पण पुसायला वेळ नव्हता. "गळ्याशी आलं." आणखी एक. "खांद्याला आलं साहेब. तोंड मोकळं झालं. घ्या श्वास."

त्यांनी तोंड उघडलं. आत हवा ओढली, तिचा आवाज हॉलभर झाला. वहिनी मागं ओरडल्याच.

मी थांबले नाही. छाती, पोट, कंबर. एकेक रेघ काढत खाली आले. हनुवटी एकेक बोट खाली येत होती. शेवटी फरशीपासून वीतभर उंचीवर मी रेघ काढली आणि तिच्याखाली सरस फासून वर गाळाचा रंग दिला. तो वाळायला लागला तशा त्याला भेगा पडत गेल्या, बारीक, मग रुंद, उन्हातल्या तळ्याला पडतात तशा. साहेब त्याकडं बघत होते. बराच वेळ बघत होते.

"वाळलं," ते म्हणाले.

"वाळलं साहेब."

"वडील उठले का?"

भाऊ माझ्याकडं बघत होता, वहिनींनी पदर तोंडात धरला होता. मी म्हटलं, "उठले. कधीच गेले वर. तुम्ही पण उठा."

ते उठले. भिंतीला धरून, पण आपले आपण उठले. मग त्यांनी पाणी मागितलं आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले.

डॉक्टर आले तेव्हा ते खाटेवर पडून होते. ऊन लागलंय, छावणीवरची दगदग, रक्तदाब, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि सलाईन लावलं. ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. महिनाभर त्यांना विश्रांती घ्यायला लावली. छावणीचं काम संस्थेच्या दुसऱ्या संचालकांनी बघितलं.

बरे झाल्यावर ते एकदाच माझ्याशी यावर बोलले. मी राहिलेलं सामान न्यायला गेले होते. म्हणाले, "ताई, पाण्याचं मला कायी वाटत नव्हतं. खांबाच्या पलीकडून कुणीतरी टेकून बसलंय असं वाटायचं. पाठीला पाठ लावून. मी उठलो तर ते एकटं राहील, म्हणून उठत नव्हतो." मग म्हणाले, "ह्यांला सांगू नका." ह्यांला म्हणजे वहिनींना. वहिनी चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं, पण ऐकलं नाही असं दाखवत त्यांनी बशी पुढं केली.

पुढच्या साली धरण भरलं. देवळाचे खांब पाण्याखाली गेले आणि अजून तरी परत दिसलेले नाहीत. हॉलमधल्या खांबावर पुन्हा क्षार फुटला नाही. भाऊ म्हणतो, सगळं मीठ निघून गेलं असेल. असेलही. वहिनींनी त्या खांबापाशी शिलाई मशीन ठेवलंय आणि दुपारी तिथंच बसून त्या ब्लाऊज शिवतात. खांबावरच्या रेघा पुसून टाकू का म्हणून मी विचारलं होतं. "राहू द्या," म्हणाल्या. "उतरलेलं दिसतंय तेच बरं."

त्यांच्या हॉलचे खांब बघून जुन्या गावच्या आणखी तिघा-चौघांनी तसेच करून घेतले. मी करून दिले, मिठाचे खडे, स्पंज, मेण, सगळं तसंच. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, पाण्याची रेघ पण काढा. मी त्यांना सांगितलं, काढते, पण तुमच्या घरात दुपारी कोण असतं त्याला आधी मला विचारू द्या. त्यांच्या सुनेला आत जाऊन विचारलं. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, नको. मग मी तो खांब तसाच कोरडा ठेवला.